महेशचंद्रांच्या तीन चाली

(किशोर गटाच्या बुद्धिबळ स्पर्धेच्या पारितोषिक वितरण समारंभातील भाषणाचा संपादित अंश)



आज अंतिम फेरीत पहिल्या पटावर झालेल्या डावाच्या केवळ पहिल्या तीन चालींविषयी मी बोलणार आहे. पांढऱ्याने वजिरापुढचे प्यादे दोन घरे टाकले. काळ्याने घोडा काढला. पांढऱ्याने उंटापुढचे प्यादे आणले. काळ्याने घोड्याच्या घरचे प्यादे एकच घर सरकवून आपल्या उंटाला वाट करून दिली. पांढऱ्याचा घोडा बाहेर येताच काळ्याने मध्यभागी प्याद्याने आव्हान दिले. शत्रूला केंद्र व्यापू द्यायचे आणि मग दुरून त्याच केंद्रावर घाव घालायचा, अशी ही नीती!

हे कोणते ओपनिंग, असे त्या मुलाला विचारताच तो म्हणाला, ‘ग्रुनफेल्ड.’ उत्तर अचूक होते. ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने १९२२ मध्ये ते रूढ केले. परंतु त्याआधी ६७ वर्षे, १८५५ मध्ये, याच चाली जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टरविरुद्ध महेशचंद्र बॅनर्जी यांनी खेळल्या होत्या, मात्र तो डाव ते हरले होते. महेशचंद्र हे बंगालच्या ग्रामीण भागातले. आपल्याकडील जुन्या खेळात प्यादे साधारणतः एकेक घरच सरके. त्या संथ, दबा धरून बसणाऱ्या वळणातून त्यांची शैली घडली. ‘इंडियन डिफेन्स’ या नावातला भारत तो हा. दोघांच्या एकूण डावांत कॉक्रेनचेच विजय अधिक, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

चतुरंग भारतात जन्मले, हे आपण अभिमानाने सांगतो आणि बहुधा तेथेच थांबतो. महेशचंद्र आज आपल्याला ठाऊक आहेत ते कॉक्रेनमुळे. त्याने डाव टिपून ठेवले, ते इंग्लंडमधील नियतकालिकांत छापून आले. आपल्याकडे लिहिणारे नव्हतेच असे नाही. त्रिवेंगडाचार्य शास्त्रींनी संस्कृतात रचलेल्या बुद्धिबळावरील ग्रंथाचे इंग्रजी रूप १८१४ मध्ये मुंबईत छापले गेले. परंतु किती वाड्यांच्या ओसऱ्यांवरचे डाव सोंगट्या डब्यात पडताच संपले असतील!

पालकांना एकच विनंती. मुलांनी आज स्वहस्ते चाली लिहिलेले कागद रद्दीत देऊ नका. हरलेल्या डावांचे तर मुळीच नाही.