शरदातले पान
(मंडळाच्या सभेतील भाषण)



शरद ऋतूत घरच्या घरी पान कसे मांडावे, यावर मी चार शब्द बोलावे असे मंडळाने सांगितले. मी या विषयातली जाणकार नव्हे. म्हणून आधी माझी चूक सांगते.

मागील कोजागिरीला शेजारच्या खोल्यांतून राहणाऱ्या, कारखान्यात कामाला जाणाऱ्या चार मुलींना मी फराळाला बोलाविले होते. घाईत बाजारातून प्लॅस्टिकच्या झेंडूच्या माळा आणल्या आणि टेबलाभोवती सोडल्या. मराठवाड्याकडील एका मुलीने माळेला हात लावून पाहिला व हळूच म्हणाली, "काकू, यंदा भाव पडला, म्हणून वडिलांनी आमचा झेंडू तोडलाच नाही. तोडणीची मजुरीही निघेना." तिने तक्रार केली नव्हती. पण मला त्या माळांकडे पाहवेना.

आपल्या कुरुळीला पुणे–नाशिक रस्त्यालगत कारखाने आले, तरी आश्विनात बांध अगदीच रिकामा नसतो. यंदा दसऱ्याला मी त्याच मुलींना जेवावयास बोलाविले. पितळी तांब्यात बाजरीची चार कणसे आणि कुरडूचे तुरे ठेवले. ज्याला आपण तण म्हणून उपटतो, तो कुरडू दिव्याच्या उजेडात किती शोभतो! दूर जपानातही शरदाच्या पौर्णिमेला गवताचे तुरे मांडून चंद्रापुढे तांदळाच्या पिठाचे गोळे ठेवतात. मग आपण आपल्या गवताची लाज का बाळगावी?

टेबल असो वा पाट, केळीचे पान धुऊन, पुसून घ्यावे. निमुळते टोक जेवणाऱ्याच्या डावीकडे यावे. केळ नसेल तर पळसाची पत्रावळ आहेच. थर्माकोलच्या ताटांवर तर २०१८ सालीच राज्यात बंदी आली. पानाभोवती रांगोळीची भुकटी उडून अन्नात जाते, म्हणून महिरप तांदळाच्या पिठाने काढावी. विकतच्या झेंडूवर औषध मारलेले असू शकते. त्याची माळ दाराला किंवा टेबलाच्या कडेला बांधावी, पानात पाकळी पडू देऊ नये. फुले झटकून घ्यावीत, नाहीतर मुंग्या आधी जेवतात! कण्हेर व धोतरा विषारी आहेत. ती जेवणाजवळ नकोतच. आपट्याची दोन पाने पुरतात, फांदी ओरबाडू नये. पुष्कळदा कांचनाची मोठी पाने आपटा म्हणून विकतात, तेही पाहून घ्यावे.

आणि झेंडू घ्यावयाचा तो रस्त्याकडेला पाटी घेऊन बसलेल्या शेतकरी बाईकडून, घासाघीस न करता. दुकानात प्लॅस्टिकच्या माळेला सांगतील ती किंमत मी निमूट दिली होती. मग तिच्याशीच दोन रुपयांसाठी हुज्जत का?

या वेळी त्या मुलीने ओंजळीत फुले घेतली आणि स्वतःच माळ ओवावयास बसली. तिची बोटे माझ्यापेक्षा पुष्कळ चपळ चालत होती. गावाकडच्या गोष्टी सांगता सांगता दोन माळा झाल्या. पाने मांडण्याचे कामही त्या चौघींनीच उरकले.

येत्या कोजागिरीला प्रत्येकीने आपल्या बांधावरचे, परसातले किंवा गॅलरीतल्या कुंडीतले काहीतरी आणावे, आणि घरापासून दूर राहणारी एक तरी शेजारीण सोबत आणावी, एवढीच माझी विनंती आहे.