गुडघ्यासाठी खेळ, खेळासाठी वेळ

(भूम येथील महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



गुडघेदुखीसाठी बैठकीचा वेळ कशाला, असं कुणी विचारेल. पण बाईचा गुडघा दुखला की घरात एकच उत्तर मिळतं, ‘वय झालं.’ बैल लंगडला तर त्याच दिवशी डॉक्टर येतो! म्हणून हा प्रश्न आपला आहे.

या संधिवातात गुडघ्यातली कूर्चा झिजते, सांधा आखडतो, मांडीचे स्नायू कमजोर होतात. पन्नाशीनंतर तो पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतो. वर्षानुवर्षं उकिडवं बसणं, ओझं उचलणं यानं धोका वाढतो. आपल्या तालुक्यात खुरपणी, ऊसतोड, चुलीपुढचं काम कोण करतं, हे मी सांगायला नको.

झिजलेली कूर्चा परत येत नाही. पण मांडीचे स्नायू बळकट केले की दुखणं कमी होतं, चालणं सुधारतं. म्हणूनच डॉक्टरांच्या मार्गदर्शक सूचनांत व्यायामाला पहिलं स्थान आहे. अडचण अशी, की घरी एकटीनं करायचा व्यायाम लवकरच सुटतो.

त्यावर एक उपाय म्हणून कॅमेऱ्याचे खेळ पुढे आले. मायक्रोसॉफ्ट कंपनीनं २०१० मध्ये किनेक्ट नावाचा कॅमेरा बाजारात आणला. अंगाला काही न बांधता तो सांध्यांची हालचाल टिपायचा. आपण पाय उचलला की पडद्यावरची आकृतीही उचलायची. करमणुकीची ही वस्तू फिजिओथेरपिस्टांनी व्यायामासाठी वापरून पाहिली. २०१७ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, पण तसं काम आता मोबाईलचा कॅमेराही करू शकतो. गुडघा किती वाकला ते मोजतो, गुण देतो, चूक दाखवतो.

चांगलंच आहे. पण आपले प्रश्न विचारूया. साडीत झाकलेला गुडघा कॅमेऱ्याला नीट दिसत नाही. म्हणजे खेळ बनवताना आपण कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हतो. मोबाईल कुणाच्या हातात असतो? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरायला मोबाईल असलेल्या बाया देशात ५४ टक्केच होत्या. आपलं चित्रण कुठे जातं, तेही विचारायला हवं. आणि रोजची वीस मिनिटं? ती बाईला कोण देणार?

खेळ नेमकं काय देतो? कुणीतरी बघतं, मोजतं, शाबासकी देतं. हे आपला बचत गटही करू शकतो. खुर्चीवर बसायचं, एक पाय सरळ करायचा, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा, हळू खाली आणायचा. दहा वेळा, मग दुसरा पाय. मोजणारी शेजारीण, हसणाऱ्या चौघीजणी. मात्र गुडघा सुजलेला, गरम किंवा अडकलेला असेल तर आधी डॉक्टर.

पण गटानं केलं म्हणून सरकार सुटत नाही. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे, त्यात फिजिओथेरपीचीही तरतूद आहे. एसटीचं तिकीट २०२३ पासून आपल्याला अर्धं झालं, पण जिल्ह्याला जायचं तर दिवसाची मजुरी बुडतेच. म्हणून फिजिओथेरपिस्ट ठरलेल्या वारी तालुक्याला मिळाला पाहिजे. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडूया. आणि घरी गेल्यावर आजच सांगूया, ही वीस मिनिटं माझी.