मुक्या यंत्राची बोली

आमच्या घरात दखनी, अंगणाबाहेर मराठी. त्यामुळं मराठी मी आधी कानानं शिकलो, व्याकरण मागाहून आलं. आजचा विषय कॉम्प्युटरचा असला तरी रीत तीच आहे.

कॉम्प्युटरला यूएसबीच्या वायरनं एखादं यंत्र जोडलं, की ते आधी दोन क्रमांक सांगतं : बनवणारा कोण आणि आपण कोण. पुढचं बोलणं कळायला ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम लागतो. नाव ड्रायव्हर, काम दुभाष्याचं. तो मिळाला नाही, तर धडधाकट यंत्रही मुकं होतं. माझा जुना स्कॅनर असाच. काच स्वच्छ, दिवा शाबूत. पण नव्या कॉम्प्युटरसाठी कंपनीनं ड्रायव्हर काढलाच नाही.

अशा वेळी काही माणसं कान लावून बसतात. 4 नोव्हेंबर 2010 रोजी मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट अमेरिकेत विक्रीला आला. समोरच्या वस्तूचं अंतर ओळखणारा हा कॅमेरा एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी होता. न्यूयॉर्कच्या अ‍ॅडाफ्रूट कंपनीनं त्याचा खुला ड्रायव्हर लिहिणाऱ्याला बक्षीस लावलं. मायक्रोसॉफ्टनं नाराजी दाखवली. बक्षीस वाढत 3000 डॉलरवर गेलं. अ‍ॅडाफ्रूटनं एक्सबॉक्स आणि कॅमेरा यांच्यातलं बोलणं मध्ये उपकरण बसवून टिपलं आणि सर्वांसाठी खुलं केलं. 10 नोव्हेंबरला स्पेनच्या हेक्टर मार्टिन यांनी ड्रायव्हर चालवून दाखवला.

यात कुलूप कुणी तोडत नाही. यंत्राला एकच काम सांगायचं आणि वायरीतून कोणते अंक गेले ते टिपायचं. दुसरं काम सांगितल्यावर त्यातलं काय बदललं, ते पाहायचं. मग तेच अंक आपण पाठवायचे. यंत्रानं ऐकलं, तर एक शब्द कळला. मूल बोलायला शिकतं ते असंच.

त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टच्या माणसांनी अमेरिकी रेडिओवर सांगितलं, की ते दार आम्हीच उघडं ठेवलं होतं. 2017 साली किनेक्टचं उत्पादन थांबलं. खुला ड्रायव्हर मात्र आजही कुणालाही घेता येतो.

मंडळी, पैसे मोजून आपण वस्तू घरी आणतो, पण तिची बोली कंपनीच्या कपाटातच राहते. कंपनीनं पाठ फिरवली, की चांगली वस्तू भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाते. यंत्र काढणाऱ्यांनी निदान विक्री थांबवताना तरी त्याची भाषा लोकांच्या स्वाधीन करावी, एवढंच मागणं आहे. कान लावून बसणाऱ्यांचे कष्ट तरी वाचतील.