ओहोटीचें श्रेय



गेल्या महिन्यांत माझ्या एका आप्तांच्या घरीं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक पाहण्यांत आलें. ज्या विकारांत माणूस कधीं उन्मादाच्या लाटेवर चढतो, तर कधीं विषादाच्या गर्तेंत उतरतो, तो 'बायपोलर' विकार औषधावांचून समूळ नाहींसा करण्याची हमी त्याच्या वेष्टनावर दिली होती. घरांतील तरुण मुलगा पांच वर्षें याच विकारानें पीडलेला. वडिलांनीं पुस्तक मोठ्या आशेनें आणलें होतें. त्या आशेची थट्टा करणें मला साधणार नाहीं.

आंत बऱ्या झालेल्यांचीं पुष्कळ पत्रें छापलीं होतीं. तीं खोटीं असतील, असें मी म्हणत नाहीं. परंतु हा विकार मुळांतच येणारा आणि ओसरणारा. एमिल क्रेपेलिन या जर्मन वैद्यानें १८९९ सालीं त्याला इतर मनोविकारांपासून वेगळें काढलें, तें बव्हंशीं याच लक्षणावरून. विषादाच्या ऐन भरांत माणूस पुस्तक घेतो. कांहीं महिन्यांनीं ओहोटी लागते. आणि त्या वेळीं हातीं जें असेल, मग तें पुस्तक असो, काढा असो कीं अंगारा असो, त्याच्या पदरीं श्रेय पडतें. पुढची भरती आल्यावर लेखकाला पत्र कोण धाडणार?

खऱ्या औषधाची कथा इतकी गोड नाहीं. ऑस्ट्रेलियांतील डॉ. जॉन केड यांनीं १९४९ सालीं दहा उन्मादग्रस्तांवर लिथियमचा आलेला गुण प्रसिद्ध केला. त्यांचा पहिला रोगी कैक वर्षें उन्मत्त होता, तो कांहीं महिन्यांत आपल्या जुन्या कामावर रुजू झाला. औषध सोडतांच पुन्हा उन्मत्त झाला. आणि अखेर १९५० सालीं लिथियमच्याच विषबाधेनें वारला. म्हणूनच आज रक्त तपासून मात्रा ठरवितात, मूत्रपिंड व थायरॉईड ग्रंथी यांवर नजर ठेवितात. असा वैद्य 'समूळ नाश' हा शब्द उच्चारीत नाहीं. विकार आटोक्यांत ठेवूं, एवढेंच म्हणतो. अर्थात् असें वाक्य वेष्टनावर शोभत नाहीं!

त्या पुस्तकांत झोपेच्या नियमितपणावर एक प्रकरण होतें, तें मात्र उत्तम. या रोग्यांत जागरणानें उन्माद चाळवतो, हें खरेंच आहे. पण पुढल्याच प्रकरणांत गोळ्या एकदम सोडण्याचा उपदेश! अशा सोडण्यानें विकार उलटतो, आत्महत्येचें भयही वाढतें.

"मग हें परत करूं म्हणतां?" वडिलांनीं विचारलें.

मीं म्हटलें, "झोपेचें प्रकरण आधीं त्याला वाचून दाखवा, मग करा. आणि गोळ्यांविषयीं जें विचारायचें, तें त्याच्या डॉक्टरांनाच विचारा."