व्हिडिओत न दिसणारी बारी

ओझरहून बोलतोय. आमचं नाशिकचं ओझर, एचएएलवालं. विघ्नहराचं ओझर ते जुन्नरचं. आणि आजची गोष्ट नेमकी जुन्नरकडचीच आहे, म्हणून आधीच सांगून टाकलं.

माझे मामा तिकडे असतात. मागे त्यांचा फोन आला. बैलगाडा शर्यतीसाठी एक खिल्लार घ्यायचाय, किंमत लाखांत, व्हिडिओ पाठवलेत, बघून सांग. मला बैलातलं ओ की ठो कळत नाही. पण मी इंग्लंडच्या अडथळ्यांच्या घोडशर्यती बघतो, हे मामांना माहीत आहे.

तिकडे घोड्याच्या नावाशेजारी त्याचा फॉर्म छापतात. समजा, ३१पी-एफ२. डावीकडे जुनं, उजवीकडे ताजं. आकडा म्हणजे क्रमांक. एफ म्हणजे घोडा पडला, यू म्हणजे स्वार खाली आला, पी म्हणजे स्वारानेच मध्ये थांबवलं. आडवी रेघ म्हणजे नवा हंगाम. मी दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचतो, त्यामुळे मला हे फार आवडतं. पहिला नंबर सगळेच सांगतात, इथे पडलेलंही लिहावंच लागतं.

रेड रम घ्या. ग्रँड नॅशनल ही जवळजवळ सात किलोमीटरची शर्यत, तीस अडथळे. त्याचे १९७३ ते १९७७चे निकाल: १, १, २, २, १. दोनदा हरल्यावर, बाराव्या वर्षी हा संपला म्हणणारे होतेच. पण त्या ओळीत एफ नाही. पाच वर्षांत दीडशे उड्या आणि एकदाही पडला नाही. माझ्या मते १९७७चा अंदाज बांधायला जिंकण्यापेक्षा हे जास्त कामाचं होतं.

आता मामांचा बैल. सहा व्हिडिओ, सहाही जिंकलेल्या बाऱ्यांचे. न जिंकलेल्या बारीचा व्हिडिओ कोण ठेवतो? शिवाय घाटात जे सेकंद लागतात ते अख्ख्या गाड्याचे. पुढे घोडी, जुकाटाला एक जोडी, धुरेला दुसरी. त्यात या बैलाचा वाटा किती? जोडीदार बदलल्यावर सेकंद वाढले का? हे कुठेच लिहिलेलं नसतं, पारावर कुणाच्या तरी लक्षात असतं.

आणि बंदीचा काळ आहेच. मे २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१मध्ये अटींवर परवानगी मिळाली. २०१४ला चार वर्षांचा असलेला बैल तोवर अकराचा झाला. त्या पिढीचा फॉर्म म्हणजे कोरी जागा. मे २०२३मध्ये घटनापीठानेही कायदा वैध ठरवला, म्हणजे आता नोंद ठेवायला सबब राहिली नाही.

मी मामांना एवढंच म्हटलं, मालकाला विचारा, हा कितीदा पळाला आणि कितीदा बारी पूर्ण झाली नाही. लंगडला होता का? घसरला होता का? मग किती दिवस दावणीला होता?

मामा जरा गप्प झाले. म्हणाले, "असं विचारलं तर माणूस रागावेल की रे."

रागावू दे, म्हटलं. कर्ज तुम्ही काढणार आहात, आणि दुखऱ्या पायाने पळायचं बैलाला आहे.

अजून व्यवहार झालेला नाही. येत्या रविवारी मामा त्याची बारी समोर उभं राहून बघणार आहेत. मीही जातोय, वही घेऊन. चला, भेटू.