छायाचित्रें आणि भिंतीचा रंग

दिवाणखान्यांत छायाचित्र लावतांना चौकट, कांच व खिळा यांचा विचार पुष्कळ होतो. भिंतीचा क्वचितच होतो. वस्तुतः पाहणाराची दृष्टि चित्र व भिंत यांस एकत्रच पाहते, आणि शेजार कसा आहे त्यावरून चित्राची पारख करते.

पॅरिस येथील गोबलँ या प्रसिद्ध विणकाम-कारखान्यांत काळा रंग पुरेसा गडद उतरत नाहीं, अशी एकदां तक्रार आली. रंगखात्याचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेव्रल, यांनीं शोध केला. खोट रंगांत नव्हतीच. शेजारच्या रंगीत धाग्यांमुळें काळा निस्तेज दिसत होता. हा शेजारधर्म त्यांनीं १८३९ सालीं ग्रंथरूपानें मांडला.

छायाचित्रासही तोच न्याय लागूं पडतो. चित्रांतील अत्यंत उजळ भाग म्हणजे त्याचा कागद; आणि जुना कागद कालांतरानें पिवळसर होतो. शुभ्र भिंतीशेजारीं तो मळकट भासतो, व आजोबांचें चित्र बिघडलें असें समजून माळ्यावर टाकलें जातें. उलटपक्षीं, काळपट भिंतीवर चित्रांतील सावल्या फिक्या दिसतात. आणि गडद हिरव्या भिंतीवर करड्या चित्रास तांबूस झांक आल्याचा भास होतो.

आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांनीं १९०५ सालीं न्यूयॉर्क येथें छायाचित्रांसाठीं लहान दालनें उघडलीं, तेव्हां ही गोष्ट ध्यानांत ठेवली होती. एका दालनाच्या भिंतींस ऑलिव्हची झांक असलेल्या करड्या रंगाचें तरट लावलें होतें. फिकट चौकटींच्या चित्रांसाठीं निराळें दालन करून तेथें उजळ तरट योजिलें होतें. म्हणजे चित्र पाहून भिंत ठरविली होती.

गृहस्थानें सामान्यतः सौम्य, करड्याकडे झुकणारा, चित्राच्या कागदाहून किंचित् गडद आणि चकाकी नसलेला रंग निवडावा. चकाकणाऱ्या ऑइल पेंटच्या भिंतीवर दिव्याचें प्रतिबिंब पडून दृष्टि विचलित होते. बोटभर नमुन्यावरून निर्णय करूं नये. मोठ्या पुठ्ठ्यास रंग देऊन तो चित्रामागें धरावा, आणि एकदां सकाळीं व एकदां रात्रीं दिव्याच्या उजेडांत पाहावा.

खरोखर उडालेलें चित्र कोणत्याही भिंतीनें सुधारत नाहीं. परंतु दोष चित्राचा कीं शेजाराचा, हें पारखल्यावांचून पूर्वजांची मुद्रा माळ्यावर टाकणें हा मात्र अन्याय होय.