लेखकाचा शब्द आणि महाजालाचे व्यासपीठ

(शिर्डी येथे ग्रंथप्रेमी व कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



शिर्डीत दररोज हजारो भाविक येतात. समाधीचे दर्शन घेतात, प्रसाद घेतात आणि परतताना अनेकांच्या हाती 'श्री साईसच्चरित' हा ग्रंथ असतो. या ग्रंथाची पारायणे घरोघरी होतात. परंतु त्याच्या कर्त्याविषयी विचारले, तर 'हेमाडपंत' या नावापलीकडे फार थोड्यांना काही सांगता येते. गोविंद रघुनाथ दाभोलकर हे त्यांचे मूळ नाव. ते १९१० साली प्रथम शिर्डीस आले. शासकीय नोकरीतून १९१६ साली निवृत्त झाल्यावर त्यांनी उर्वरित आयुष्य या कार्याला वाहिले. नऊ हजारांहून अधिक ओव्यांची ही रचना सिद्ध करून १९२९ साली त्यांनी देह ठेवला. ग्रंथाच्या अखेरीस सर्व अध्यायांचे सार सांगणारी अवतरणिका देण्याचा त्यांचा संकल्प होता. त्यांच्या पश्चात कागदपत्रांत ती सापडली नाही. शेवटी बा. वि. देव यांनी ती रचून ग्रंथ पूर्ण केला.

ही लहानशी घटना आजच्या विषयाचे मर्म सांगून जाते. लेखकाच्या मनात जे असते, त्यातले सारेच कागदावर उतरत नाही. जे उतरत नाही, ते त्याच्याबरोबर जाते. त्याला वेळीच कोणी विचारले, तरच ते समाजाच्या हाती राहते.

विचारण्याची शिर्डीची परंपरा

श्री साईबाबांनी १९१८ च्या विजयादशमीस समाधी घेतली. त्यानंतर अठरा वर्षांनी, १९३६ साली, दक्षिणेतून एक गृहस्थ शिर्डीस आले. वकिली आणि सार्वजनिक जीवन सोडून अध्यात्माकडे वळलेल्या या गृहस्थांचे नाव बी. व्ही. नरसिंहस्वामी. बाबांना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांच्या भेटी घेऊन त्यांनी त्यांची निवेदने लिहून घेतली. सांगणारा कोण, त्याचे वय किती, तो राहतो कोठे, भेट केव्हा झाली, याची नोंद त्यांनी ठेवली. स्वतः पाहिलेले आणि दुसऱ्याकडून ऐकलेले यांतला भेद न्यायालयात वावरलेल्या माणसाला वेगळा शिकवावा लागत नाही. ही निवेदने पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि साईचरित्राच्या प्रत्येक अभ्यासकाला आजही त्यांचा आधार घ्यावा लागतो.

पण त्या अठरा वर्षांत काय हरपले होते, तेही पाहिले पाहिजे. नानासाहेब चांदोरकर १९२१ साली निवर्तले होते. म्हाळसापती १९२२ साली गेले. काकासाहेब दीक्षित १९२६ साली, तर स्वतः दाभोलकर १९२९ साली. बाबांच्या सर्वांत निकट असलेली ही माणसे नरसिंहस्वामींच्या प्रश्नांना उत्तर देण्यास उरली नव्हती. माधवराव देशपांडे ऊर्फ शामा तेवढे भेटू शकले, कारण ते १९४० पर्यंत हयात होते. चार-सहा वर्षांच्या अंतराने केवढा फरक पडतो!

याउलट, लोकमान्य टिळकांचे सहकारी दादासाहेब खापर्डे डिसेंबर १९११ ते मार्च १९१२ या काळात शिर्डीत राहिले आणि त्यांनी रोजची दैनंदिनी लिहिली. त्यामुळे त्या दिवसांची शिर्डी आजही तारीखवार वाचता येते. वेळेवर केलेली साधी नोंद पुढे इतिहासाचे साधन होते, ते असे.

कर्त्याची कीर्ती दुसऱ्याने सांगावी

या जिल्ह्याची थोरवी याहून जुनी आहे. नेवासे येथे १२९० साली श्री ज्ञानेश्वर महाराजांनी गीतेवर निरूपण केले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले. बोलणारा आणि टिपणारा यांची ही जोडी मराठी वाङ्मयाच्या उगमाशीच उभी आहे. राहुरी तालुक्यातील ताहाराबादचे महीपती यांनी अठराव्या शतकात संतकवींच्या कथा जमविल्या. 'भक्तविजय' १७६२ मध्ये आणि 'भक्तलीलामृत' १७७४ मध्ये पूर्ण झाला. स्वतः कवी असूनही महीपतींनी आपली प्रतिभा इतरांची चरित्रे सांगण्यासाठी वेचली. नामदेव, एकनाथ, तुकाराम यांची जी चित्रे महाराष्ट्राच्या मनात आहेत, त्यांतला मोठा वाटा महीपतींचा आहे.

त्याच जिल्ह्यातील अकोळनेर येथे जन्मलेले दासगणू महाराज 'आधुनिक महीपती' म्हणून ओळखले गेले. पोलीस खात्यातील नोकरी सोडून ते कीर्तनाकडे वळले आणि शिर्डीचे नाव त्यांनी महाराष्ट्रभर नेले. कीर्तनाचे त्यांनी मोल घेतले नाही. दुसऱ्याचे गुण सांगताना स्वतःची झोळी पुढे न करणे, ही प्रसाराची भारतीय रीत आहे. आज 'प्रसिद्धी' या शब्दाला जो बाजारी वास येतो, तो या रीतीला नव्हता.

साधन बदलले, गरज तीच

कीर्तनाच्या जागी पुढे नियतकालिके आली, नभोवाणी आली. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाल्यावर 'प्रतिभा आणि प्रतिमा'सारख्या कार्यक्रमातून साहित्यिक घराघरांत दिसू लागले. आता महाजाल आले आहे. मराठी माणसाने त्यावर पाऊल ठेवण्यास विलंब लावला नाही. परदेशस्थ मराठी मंडळींनी १९९६ साली 'मायबोली' हे संकेतस्थळ सुरू केले आणि तेथील दिवाळी अंकांतून लेखक-कलावंतांच्या मुलाखतीही वाचकांसमोर आल्या. महाराष्ट्रातील कर्तृत्वाची नोंद घेणारे 'थिंक महाराष्ट्र' हे संकेतस्थळ २०१० साली आकारास आले. स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकाने सावरकरांचे साहित्य महाजालावर वाचकांना उपलब्ध करून दिले.

सावरकरांचे उदाहरण येथे विशेष बोलके आहे. १८५७ च्या स्वातंत्र्यसमरावरील त्यांच्या ग्रंथावर १९०९ साली प्रसिद्धीपूर्वीच बंदी आली. तरीही तो गुप्तपणे हातोहाती फिरला, कारण तो पोहोचविणारे कार्यकर्ते होते. आज बंदी नाही, पण उपेक्षा आहे. ग्रामीण भागात राहणारा, राष्ट्रीय विचाराने लिहिणारा, कोणत्याही प्रस्थापित वर्तुळात नसलेला लेखक स्वतःच्या खर्चाने पुस्तक छापतो. काही प्रती नातलगांत वाटतो आणि उरलेले गठ्ठे माळ्यावर जातात. प्रस्थापितांनी दारे लावून घेतली अशी तक्रार अनेक वर्षे ऐकू येते. तक्रारीत तथ्य असेलही; पण तक्रारीतून व्यासपीठ उभे राहत नाही. ते श्रमाने उभारावे लागते.

व्यासपीठ कसे असावे?

असे व्यासपीठ उभारण्यास फार मोठे भांडवल लागत नाही. चांगला ध्वनिग्राहक, शांत खोली, साधा कॅमेरा किंवा भ्रमणध्वनी, एक संगणक आणि चार-पाच चिकाटीची माणसे एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. मात्र काही पथ्ये कटाक्षाने पाळावी लागतील.

पहिले पथ्य असे की, मुलाखत घेणाऱ्याने पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचलेले असावे. 'आपल्याला लेखनाची प्रेरणा कोठून मिळाली?' हा प्रश्न न वाचताही विचारता येतो. म्हणूनच त्याचे उत्तर सर्वत्र एकच येते. अमुक प्रकरणात हा प्रसंग का गाळला, हा शब्द कोणत्या गावच्या बोलीतला, या विधानाला आधार कोणता, असे प्रश्न वाचणाऱ्यालाच सुचतात आणि त्यांनीच लेखक बोलता होतो.

दुसरे पथ्य सत्याचे. व्यासपीठ लेखकांच्या हितासाठी असले, तरी ते स्तुतिपाठकांचे होऊ नये. लेखक विचाराने आपला आहे म्हणून दुबळे पुस्तक थोर ठरविले, तर वाचक एकदा फसेल, पुन्हा येणार नाही. त्याचप्रमाणे वेगळ्या मताच्या समर्थ लेखकालाही तेथे सन्मानाने बोलावले पाहिजे. पूर्वपक्ष पूर्णपणे मांडून मगच उत्तरपक्षाकडे वळणे, ही या देशातील शास्त्रचर्चेची परंपराच आहे. आपल्यावर झालेल्या बहिष्काराचे उत्तर प्रतिबहिष्कार हे असू शकत नाही.

तिसरे पथ्य व्यवहाराचे. लेखकाकडून मुलाखतीसाठी पैसे घेऊ नयेत. घेतले की प्रश्न विचारण्याचा अधिकार संपतो. ध्वनिमुद्रण कोठे व कसे वापरले जाईल, याची लेखी संमती आधी घ्यावी. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार ग्रंथाचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. म्हणून पुस्तकातील दीर्घ उतारे परवानगीवाचून महाजालावर घालणे ही लेखकसेवा नव्हे. त्याऐवजी ते पुस्तक कोठे विकत मिळेल आणि कोणत्या ग्रंथालयात वाचता येईल, ही माहिती मुलाखतीसोबत द्यावी. प्रसाराचे खरे मोजमाप किती जणांनी पाहिले हे नसून किती जणांनी पुस्तक उघडले, हे आहे.

चौथे पथ्य जतनाचे, आणि त्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. 'जिओसिटीज' २००९ साली बंद झाली. एके काळी तरुण मराठी मंडळींच्या गप्पांनी गजबजलेले 'ऑर्कुट' २०१४ साली मिटले. परक्या कंपनीच्या अंगणात मांडलेला संसार ती म्हणेल त्या दिवशी उचलावा लागतो. युनिकोडपूर्व काळात निरनिराळ्या टंकांत साठविलेला मराठी मजकूर आज उघडला, तर अनेकदा निरर्थक चिन्हांची रांग तेवढी दिसते. म्हणून मुलाखती लोकप्रिय माध्यमांवर जरूर ठेवाव्यात, पण मूळ ध्वनिमुद्रण आपल्या संग्रही असावे. एकाहून अधिक ठिकाणी त्याच्या प्रती असाव्यात आणि प्रत्येक मुलाखतीचा लेखी मजकूर युनिकोडमध्ये तयार करावा. ध्वनी ऐकावा लागतो, लेखी शब्द शोधता येतो. पुढच्या अभ्यासकाला दोन्ही लागतील.

आरंभ कोठून?

आरंभ वयोवृद्धांपासून करावा. प्रत्येक तालुक्यात ऐंशी वर्षे ओलांडलेले शिक्षक, कीर्तनकार, शाहीर, स्थानिक इतिहासाचे अभ्यासक असतात. कोणाच्या कपाटात हस्तलिखित पडून असते, कोणाच्या स्मरणात गावाचा इतिहास असतो. नामवंतांच्या मुलाखती घेण्यास अनेक वाहिन्या आहेत. या मंडळींकडे कोणी जात नाही. हा जिल्हा, जो आता पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या नावाने ओळखला जातो, लेखकांना परका नाही. १९९७ साली ना. सं. इनामदार यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथेच झाले. येथून जवळच प्रवरानगरला पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांच्या नावाने साहित्य पुरस्कार दिले जातात. संमेलन तीन दिवसांत संपते, पुरस्कार एका संध्याकाळी दिला जातो. व्यासपीठ मात्र वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस जागे राहू शकते.

महिन्याला एक मुलाखत घेतली, तरी वर्षात बारा होतात आणि दहा वर्षांत एकशे वीस. तरुण कार्यकर्त्यांनी तंत्र सांभाळावे, ज्येष्ठ वाचकांनी प्रश्नांची सिद्धता करावी, गावच्या ग्रंथालयाने खोली द्यावी. एवढी वाटणी झाली, तर कोणा एकावर भार पडणार नाही आणि कोणा एकाच्या थांबण्याने काम थांबणारही नाही.

शिर्डीला साक्षी मिळण्यास अठरा वर्षे लागली आणि तेवढ्यात अनेक आवाज मावळले. त्या वेळी हाती केवळ लेखणी होती. आज प्रत्येक खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. साधन नव्हते, ही सबब या पिढीला उपलब्ध नाही. गावातील सर्वांत वृद्ध लेखकाचे दार येत्या रविवारी ठोठवावे, त्याचे पुस्तक आधी वाचून जावे, आणि पहिला प्रश्न विचारावा.